आमची ‘टीपी’: स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवताना

सातची_लोकल

नमस्कार मंडळी. वर्षभर वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या. मदत हवी आहे, पण आधी थोडं पाल्हाळ.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते. पुण्यात बँकेत होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. घरी बसून कंटाळले, म्हणून आता सेल्टा करतेय. हे केंब्रिजचं प्रमाणपत्र आहे. ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचं. एकूण १२० तास. त्यातले ६ तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायचं. आमच्याकडे त्याचे पाऊण-पाऊण तासाचे आठ पाठ केलेत. याला म्हणतात टीचिंग प्रॅक्टिस, म्हणजेच टीपी. नवऱ्याला म्हटलं, ‘आज संध्याकाळी माझी टीपी आहे’, तर म्हणाला, ‘चल, मीपण येतो, मलाही काही काम नाहीये.’

विद्यार्थी अकरा. एक्वाडोर, कोलंबिया, मेक्सिको. कुणी बांधकामावर, कुणी लोकांची घरं साफ करतं, एक आजी नातवंडं सांभाळतात. इंग्रजीची पाटी जवळजवळ कोरी. वर्ग रूझवेल्ट अव्हेन्यूला लागून एका हॉलमध्ये भरतो. बाहेर डोक्यावरच्या पुलावरून सात नंबरची लोकल गाडी जाते. ती आली की माझं वाक्य तोंडातच राहतं आणि अकराही जण समंजसपणे छताकडे बघतात. मागच्या बाकावर ट्रेनर आणि चार सहशिक्षणार्थी माना खाली घालून लिहीत असतात. बी.एड.चे पाठ ज्यांनी घेतलेत त्यांना हा पोटातला गोळा ओळखीचा असेल.

पहिला पाठ: मुळाक्षरं आणि नावाचं स्पेलिंग सांगणं. मला वाटलं, हातचा मळ. लिपी तर तीच आहे की! तिथेच आपटले. स्पॅनिशमध्ये अक्षरांची नावं अशी: ए या अक्षराला ‘आ’, ईला ‘ए’, आयला ‘ई’. म्हणजे मी ‘ई’ म्हटलं की वर्ग आय लिहितो आणि ‘ए’ म्हटलं की ई लिहितो. जीला ‘हे’ म्हणतात आणि जेला ‘होता’. खरंच, ‘होता’! मी फळ्यावर जे काढला आणि सगळे एका सुरात म्हणाले ‘होता’. मी मनात म्हटलं, होता, आता नाही, आता त्याला जे म्हणायचं.

हसू आलं, पण नंतर एका बाईंनी सांगितलं की दवाखान्यात फोनवर नाव सांगताना त्यांची दर वेळी त्रेधा उडते. नाव एक, नोंद दुसऱ्याच नावाने. त्यातून यांना आडनावं दोन, आधी वडिलांचं, मग आईचं. समजा गार्सिया लोपेस. इथला कारकून गार्सियाला मधलं नाव समजतो आणि लोपेसखाली फाइल लावतो. पुढच्या खेपेला गार्सिया म्हणून शोधलं की ‘तुमची नोंदच नाही.’ मधल्या नावाच्या रकान्यात आपण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव टाकतो तेव्हा आपलीही थोडीफार हीच गत होते, त्यामुळे मला त्या बाईंचा वैताग आतून कळला.

दुसरा पाठ मात्र सपशेल पडला. विषय ‘आय लाइक’. शेऱ्यात आलं, ‘नॉट टू स्टँडर्ड’. कारण टीटीटी, म्हणजे टीचर टॉकिंग टाइम. पंचेचाळीस मिनिटांत निम्म्याहून जास्त वेळ मीच बोलत होते. एक मेक्सिकन दादा सारखे ‘मी लाइक कॉफी’ म्हणत होते (हा ‘मी’ मराठी नव्हे, इंग्रजी), आणि मी इंग्रजीतून समजावत सुटले. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना इंग्रजीचं व्याकरण इंग्रजीतून!

घरी येऊन भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’. मे म्हणजे मला. मला कॉफी आवडते. शब्दाला शब्द तंतोतंत! आणि अनेकवचन आलं की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, माझ्या नाही. इंग्रजीत मात्र ‘आय’ उठून कर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि आंबे मुकाट कर्म होतात. म्हणजे दादांची अडचण पाचवीत माझी जी होती तीच आहे!

तर प्रश्न. एक, आमच्या कोर्समध्ये वर्गात विद्यार्थ्यांची भाषा वापरायची नाही असा दंडक आहे. मला कामचलाऊ स्पॅनिश येतं. मग हे कळलेलं वापरायचं कसं? दोन, चार लेखी असाइनमेंट्सपैकी एक एकाच विद्यार्थ्यावर लिहायची असते. मी एका एक्वाडोरच्या गृहस्थांना निवडलंय, ते हॉटेलात भांडी धुतात. ते बोलतच नाहीत. वहीत टेबलसमोर ‘मिसा’ लिहून ठेवलं होतं. शेजारचा बघून हसला, कारण टेबलला ‘मेसा’ म्हणतात. त्यांनी वही मिटली ती मिटलीच. स्वतःच्या भाषेतही लिहिता येत नसेल का? तीन, एका बाईंनी ऑफिसात विचारलं, ‘अमेरिकन टीचर कधी येणार?’ यावर काही नको, फक्त सांगावंसं वाटलं.

---

वाचनमात्र_नाही

मस्त लिहिलंय! ‘होता’ला फुटले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कट्टेकरी

मी ह्यूस्टनला बांधकामात आहे, साइटवर निम्म्याहून अधिक लोक स्पॅनिश बोलणारे. कुणी वर्गाला गेलेलं नाही, पण ‘टेप दे’, ‘वर बघ’, ‘उद्या सात’ एवढं इंग्रजी सगळ्यांना येतं. काम आलं की भाषा येते. तुमचे ते टीपी, टीटीटी वगैरे वाचून वाटलं, साध्या गोष्टीचा किती तो बाऊ. हलके घ्या.

---

सातची_लोकल

@कट्टेकरी, हलकेच घेतलंय. पण ‘टेप दे’ येणारा माणूस पगार कापला गेला तर काय बोलणार? आमच्या वर्गातल्या एकाला पाच वर्षं साइटवर काढूनही ‘मला शनिवारचे पैसे मिळाले नाहीत’ एवढं एक वाक्य हवं होतं. पहिल्या दिवशी काय शिकायचंय विचारलं तर त्याने हेच सांगितलं होतं.

---

म्हापसेकार

पगारावरून आठवलं. पगार हा आपला शब्द नव्हेच, पोर्तुगीज आहे. आणि स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. त्या माणसाला म्हणावं, मराठीत तू अर्धं वाक्य आधीच बोलतोस. चावी, साबण, पाव, बादली, बटाटा ही सगळी गोव्याच्या वाटेने आलेली मंडळी. स्पॅनिश भावंडं थोडी वेगळी दिसतात, पावाला ते ‘पान’ म्हणतात आणि साबणाला ‘हाबोन’. (‘सोपा’ म्हणजे सूप, साबण नव्हे. इंग्रजीतला सोप ऐकून तुमचे लोक गोंधळत असतील.)

आणि ‘मिसा’ म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आमच्याकडे कोंकणीत मीस. म्हणून तो शेजारी हसला असणार.

---

झंपी

मिसा म्हटलं की आमच्या घरी आणीबाणी आठवते. आजोबा त्या कायद्याखाली आत होते. अवांतराबद्दल क्षमस्व.

---

तिळगूळ

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, म्हणजे तुमच्या उलट्या दिशेने जाते. ‘मे गुस्ता’ शिकवताना माझी मराठी माध्यमाची मुलं दोन मिनिटांत पुढे जातात, इंग्रजी माध्यमवाली ‘यो गुस्तो’ (यो म्हणजे मी) म्हणत अडकतात. ‘मे दुएले ला काबेसा’, माझं डोकं दुखतंय, तेही तसंच. क्रियापदावरूनच कर्ता कळतो, म्हणून कर्ता गाळायची सवयही दोघांना. आपण ‘जेवलास का?’ म्हणतो, ‘तू’ कशाला हवा? म्हणून ते ‘इज रेनिंग’, ‘इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह’ म्हणतात. तो ‘इट’ त्यांना बिनकामाचा पाहुणा वाटतो आणि खरं सांगायचं तर मलाही.

विशेषणाचंही बघा. काळा बूट, काळे बूट, काळी चप्पल. आपलं विशेषण नामाप्रमाणे बदलतं, त्यांचंही. म्हणून ‘ब्लॅक्स शूज’ होतं. ही चूक ऐकली की मला बरं वाटतं, कारण त्या माणसाच्या डोक्यात व्याकरण जिवंत आहे. ते नियम लावतंय, फक्त चुकीच्या घरात.

आता मुद्द्याचं. ‘मेसा’चं ‘मिसा’ केलं म्हणून निरक्षर ठरवू नका. ए आणि इ, ओ आणि उ यांची अदलाबदल होत असेल तर तुमच्या गृहस्थांची पहिली भाषा बहुधा स्पॅनिश नाहीच. एक्वाडोरच्या डोंगराळ भागात किच्वा बोलतात. त्या भाषेत स्वर तीनच, आ, इ, उ. त्यांच्या दुसऱ्या कागदांवर बघा, ‘ओ’च्या जागी ‘उ’ सापडतो का.

---

सातची_लोकल

@तिळगूळ, अंगावर काटा आला. आत्ता उठून जुनी वर्कशीट्स काढली. त्यांनी ‘ओसो’चं ‘उसो’ केलंय (अस्वलाचं चित्र होतं). आणि मी समासात लिहून ठेवलं होतं, ‘स्पॅनिश लेखन कच्चं’. मीच! आता वर्गात विचारू का?

---

अक्राणी_गुरुजी

ताई, वर्गात विचारू नका. हात जोडून सांगतो.

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमची पोरं घरी पावरी बोलतात. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. कागदावर आम्ही इंग्रजी मराठीतून समजावतो. पण पहिलीतल्या पोराला मराठी तरी कुठे येतं? म्हणजे एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेतून. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाला मी सगळ्यांदेखत विचारलं, ‘घरी काय बोलता रे?’ पोरं हसली. तो दहा दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेलो तेव्हा तो बकऱ्यांना हाका मारत होता, इतका मोठ्याने आणि इतका मोकळा की मला तो मुका वाटायचा याचीच लाज वाटली.

एकट्याला गाठा. आणि ‘तुमची भाषा कोणती’ असं विचारण्यापेक्षा स्वतःपासून सुरू करा. माझ्या भाषेत घराला घर म्हणतात, तुमच्याकडे?

---

ताम्हण

गुरुजी, दंडवत.

---

कट्टेकरी

गुरुजींचं पटलं. माझं आधीचं बोलणं थोडं मागे घेतो, सगळं नाही. आमच्या साइटवरही ग्वाटेमालाचे दोघं आपापसात काहीतरी निराळंच बोलतात, मला इतके दिवस ते वेगळं स्पॅनिश वाटायचं.

---

बटाटेवडा

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर ‘काही नको’ म्हणालात तरी लिहितो. मी लंडनला आहे. भारतीय उच्चारांबद्दल इथेही ऐकावं लागतं. पण प्रामाणिकपणे विचारा, विद्यार्थ्यांना पुढे ज्यांच्याशी बोलायचंय ते अमेरिकन आहेत. मग त्यांनी अमेरिकन कान मागितला तर चूक काय?

---

सातची_लोकल

@बटाटेवडा, राग नाही, प्रश्न रास्त आहे. पण क्वीन्समध्ये त्यांना जे इंग्रजी ऐकू येतं ते बांगलादेशी टॅक्सीवाल्याचं, चिनी दुकानदाराचं, कोरियन मालकिणीचं. ‘अमेरिकन’ कान कुठून आणू?

तरी एक कबुली. तिसऱ्या पाठात मी ‘टेबल’, ‘ट्युसडे’ घोकून घेतलं आणि वर्ग माझ्यामागे चक्क आपला ठसठशीत ट म्हणू लागला. त्यांचा स्वतःचा त, द आपल्यासारखाच दातांवरचा, ‘तोमाते’तला त अगदी तुपातला. इंग्रजी टी या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी. म्हणजे अकरा एक्वाडोरी-कोलंबियन-मेक्सिकन माणसं कोथरूडचा ट घेऊन घरी गेली. ट्रेनरने शेऱ्यात काही लिहिलं नाही, नुसतं हसला. आता मी घोकंपट्टीसाठी रेकॉर्डिंग लावते आणि व्ही-डब्ल्यूच्या बाबतीत आम्ही बाराही जण एकत्र शिकतो. ते व्हीला ब म्हणतात, मी दोन्हीला व. ‘व्हेरी वेल’ म्हणताना आमचा वर्ग बघण्यासारखा असतो.

दंडकाबद्दल एक युक्ती सापडली. स्पॅनिश बोलायचं नाही, पण चुका कुठे होणार ते आधी ओळखून पाठ त्याभोवती बांधायला कुणाची ना नाही. ‘आय लाइक’ पुन्हा घेतला तेव्हा फळ्यावर एक माणूस काढला, त्याच्या छातीतून बाण काढला आणि तो कॉफीच्या कपाला लावला. बस. एक शब्द समजावला नाही. आजी म्हणाल्या, ‘आह! यो!’ आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग ‘आय लाइक कॉफी. आय लाइक मँगो.’ मग थांबून, जरा खट्याळपणे, ‘आय नो लाइक ट्रेन.’ ती नेमकी तेव्हाच डोक्यावरून चालली होती. ‘डोन्ट’ पुढच्या पाठाला ठेवला.

---

झंपी

आजी रॉक्स!! तू-तुम्हीचं काय करतात ते? त्यांच्याकडेही आहे ना तसं?

---

सातची_लोकल

@झंपी, ‘तू’ आणि ‘उस्तेद’. एक गंमत म्हणजे ‘तू’ हा शब्द जसाच्या तसा आपलाच. आमच्यातली एक बोगोतावाली सख्ख्या बहिणीलाही उस्तेद म्हणते, तिच्याकडे तशी रीतच आहे. मालकालाही ‘यू’ आणि मांजरालाही ‘यू’ हे तिला अजून पचलेलं नाही. म्हणून सगळे मला नावाने न हाक मारता ‘टीचर’ म्हणतात. ट्रेनर सांगतो, नावाने हाक मारायला लावा. मी लावत नाही. ‘बाई’ अशी हाक ऐकून मोठी झालेय, मला ‘टीचर’मध्ये ती ऐकू येते.

---

तिळगूळ

तारखांकडे लक्ष द्या हं. आपल्यासारखंच तेही आधी दिवस लिहितात. १०/११ हे अमेरिकेत ११ ऑक्टोबर होतं.

---

सातची_लोकल

@तिळगूळ, उशीर झाला. एकीची डॉक्टरांची वेळ अशीच हुकली. ती महिनाभर उशिरा पोचली. तिचंच कार्ड फळ्यावर काढून पाठ घेतला. आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा.

---

अक्राणी_गुरुजी

ताई, त्या गृहस्थांचं काय झालं? रोज धागा उघडून बघतोय.

---

सातची_लोकल

गुरुजी, उशिराबद्दल माफी. पाठांच्या रगाड्यात होते.

गेल्या मंगळवारी ते लवकर आले, कामावरून थेट, हातांना साबणाचा वास. वर्गात आम्ही दोघंच. तुम्ही सांगितलं तसं केलं. वहीच्या मागच्या पानावर घर काढलं आणि माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, ‘माझ्या भाषेत हे घर.’ (वर्ग सुरू नव्हता, त्यामुळे दंडक लागू नाही असं मी ठरवलं.) मग पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. लिहिलं, ‘वासी’. मी घराच्या आत एक माणूस काढला आणि म्हटलं, ‘घरात.’ त्यांनी लिहिलं, ‘वासिपी’. मग मी घराकडे चाललेला माणूस काढला. ‘वासिमान.’

गुरुजी, मंडळी, बघताय ना? घर, घरात, घराकडे. वासी, वासिपी, वासिमान. शेपूट मागेच लागतं! इंग्रजीसारखं ‘इन’ पुढे नाही, स्पॅनिशसारखं ‘एन’ पुढे नाही. नंतर वाचलं तर किच्वात क्रियापदही वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखं. इतके दिवस मी मराठी आणि स्पॅनिशचं गूळपीठ जमल्याच्या आनंदात होते आणि वर्गात माझ्या भाषेच्या सगळ्यात जवळचा माणूस कोपऱ्यात वही मिटून बसला होता.

तेवढ्यात बाकीचे आले. त्यांनी पान उलटलं, पण या वेळी वही उघडीच राहिली. त्या दिवशीचा पाठ ‘इन, ऑन, अंडर’चा होता. नेहमी मी खोकं आणि चेंडू घेऊन उभी राहते. या वेळी खोकं त्यांच्या हातात दिलं. ते बोलले नाहीत, चेंडू ठेवत गेले, बाकीचे ओरडत गेले. शेवटी चेंडू टेबलाखाली गेला तेव्हा कुणाच्याही आधी त्यांनी हळूच म्हटलं, ‘अंदर’. द आपला, दातांवरचा. मी दुरुस्त केला नाही. ट्रेनरने शेऱ्यात लिहिलं, ‘उच्चार दुरुस्त करण्याची संधी हुकली.’ बरोबर आहे त्याचं.

पाठ मात्र ‘टू स्टँडर्ड’.

---

म्हापसेकार

‘अंदर’ म्हणजे हिंदीत आत आणि चेंडू टेबलाखाली. दुरुस्त केला नाहीत ते चांगलं केलंत की वाईट, यावर आम्ही घरी वाद घालतोय. बायको ट्रेनरच्या बाजूने आहे.

---

अक्राणी_गुरुजी

वासी, वासिपी, वासिमान. उद्या वर्गात फळ्यावर लिहितो आणि शेजारी पोरांकडून पावरीतलं लिहून घेतो. फोटो टाकेन.

---

सातची_लोकल

टाकाच! माझे अजून दोन पाठ घ्यायचेत आणि ती असाइनमेंट लिहायची आहे. १००० शब्दांत बसवायची, आणि पहिला मसुदा, ज्यात ‘स्पॅनिश लेखन कच्चं’ होतं, तो फाडून टाकलाय. @म्हापसेकार, वहिनींना सांगा, पुढच्या पाठात ‘अंडर’ पुन्हा घेणार आहे.